जिवंत दगड

नरखेडहून समुद्र गाठायचा म्हणजे निदान एक रात्र आगगाडीत काढावी लागते. आमच्या मुलखात पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि वर्धा नदी. खारे पाणी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचतो आणि तिथेच ठेवून देतो. अशा ठिकाणी, संत्र्याच्या बागांना लागून असलेल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, आठ वर्षे दोनशे लिटर समुद्र नांदत होता, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पाहुणे यायचे, चप्पल काढायचे आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच त्या काचेच्या टाकीसमोर जाऊन उभे राहायचे. एका वृद्ध शेतकऱ्याने तर काचेवर बोट टेकवून विचारले होते, "मास्तर, हे फूल हाय का जनावर?"

प्रश्न साधा नव्हता. पोवळे हे जनावरच आहे. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न शिजवते आणि घरभाडे म्हणून त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाल निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि ही स्थिती लांबली तर उपाशी मरते. म्हणजे जनावराच्या पोटात वनस्पती आणि दोघांच्या जिवावर उभा राहिलेला खडक. त्या म्हाताऱ्याला मी एवढेच सांगितले, "दोन्ही."

हा उद्योग आमच्या धाकट्या मुलाचा. कडक सांगाड्याची, खडक बांधणारी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. त्यामुळे ती त्याच्या टाकीत नव्हती. मऊ पोवळी होती, तीही एका छंदी मित्राने आपल्या टाकीतल्या पोवळ्यांचे छाटे करून दिलेली. आमच्याकडे संत्र्याची कलमे जशी एकमेकांना देतात, तसा हा प्रकार. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश होते, तेही समुद्रातून पकडलेले नव्हते, टाकीतच जन्मलेले. एक लाल पाठीची कोळंबी, काही गोगलगाई आणि मधोमध दगडांची रास. हे सारे मी सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे जो प्रश्न येणार आहे तो कायद्याचा नाही. कायद्याच्या दृष्टीने आमचे हात स्वच्छ होते.

गेल्या वर्षी आगमनकाळ सुरू होण्याच्या सुमारास मुलाने ठरवले की टाकी आता लहान पडते. पाचशे लिटरची नवी टाकी आणायची आणि सारे बिऱ्हाड तिच्यात हलवायचे. मलाही उत्साह आला. निवृत्त शिक्षकाला घरात काही मोठे घडणार असे कळले की येतो तसा. आमच्या सौभाग्यवती संत्री सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "त्यांनी मागितली होती का मोठी टाकी?"

आम्ही दोघे हसलो. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, आणि हा लेख त्याचेच ओझे उतरवण्यासाठी लिहितो आहे.

मुलाजवळ कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. पोवळी वाढून एकमेकांना टेकू लागली होती. दिसायला ती शांत, पण शेजारी फार जवळ आला की ती डंख मारतात, पाण्यात विष सोडतात. शिवाय लहान टाकीत प्रत्येक चूक मोठी होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि त्या पाण्याला तर सव्वीस अंशांच्या आसपास राहायचे असते. वीज दोन तास गेली की दोनशे लिटर पाणी जितके तापते, तितके पाचशे लिटर तापत नाही. पाणी वाफ होऊन उडते ते गोडे, मीठ मागेच राहते. म्हणून रोज गोडे पाणी घालून खारटपणा राखावा लागतो, आणि एक दिवस विसरलो तर लहान टाकीत तो चटकन चढतो. मोठ्या पाण्यात चूक हळू पसरते, माणसाला ती सुधारायला अवधी मिळतो. एवढे सगळे खरे आहे. पण मुलाच्या डोळ्यांत जी चमक होती ती केवळ पोवळ्यांच्या सोयीची नव्हती, हेही खरे. मोठी टाकी दिवाणखान्यात शोभणार होती. आपले हेतू नेहमी असे मिसळलेलेच असतात. दुधात पाणी किती, हे दूध घालणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

तयारी आठवडाभर चालली. बोअरचे पाणी त्या जिवांना चालत नाही. त्यातले क्षार काढून टाकून शुद्ध केलेले पाणी लागते आणि मग एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ विरघळवायचे. तीनशे लिटर नवे पाणी म्हणजे साडेदहा किलो मीठ. ते मुंबईहून मागवले. पण मिठापेक्षा पाणीच महाग पडले. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देते तेव्हा दोन-तीन लिटर नाकारते. ज्या तालुक्यात बागा वाचवण्यासाठी लोक शेकडो फूट खोल बोअर मारतात, कोरड्या निघाल्या की कपाळाला हात लावतात आणि पुन्हा दुसऱ्या जागी मारतात, तिथे काही मूठभर जिवांसाठी हजारभर लिटर पाणी उपसायचे! नाकारलेले पाणी आम्ही धुण्याला आणि न्हाणीघरात वापरले, वाया जाऊ दिले नाही. तरी शेजाऱ्यांच्या देखत ते काम करताना मला अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

त्या अवघडलेपणात मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २४१८ मध्ये, या विषयावर दोन गोष्टी शेजारी-शेजारी सांगितल्या आहेत. जनावरांना विनाकारण दुःख देणे वा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचप्रमाणे, माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी जो पैसा प्रथम खर्च व्हावा तो जनावरांवर उधळणे हेही अयोग्यच आहे. परिच्छेद लहान आहे, पण त्याला दोन्ही बाजूंनी धार आहे. एका धारेने आमची हयगय कापली जाते, दुसरीने आमची हौस. मी तो मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बाबा, मग आता काय करायचं? आहेत ते जीव तर आपल्याच भरवशावर आहेत ना?" त्याचे म्हणणे बरोबर होते. त्यांना समुद्रात सोडून देता येत नाही. परक्या पाण्यातले जीव आपल्या समुद्रात सोडणे हा आणखी एक अपराध झाला असता. एकदा पालक झालेला माणूस "मी काहीच करत नाही" असे म्हणून सुटत नाही. हलवणे हा जसा निर्णय, तसा न हलवणे हाही निर्णयच.

आगमनकाळातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. आधी जुन्या रचनेचे छायाचित्र काढले, कोणता दगड कोणत्या कुशीवर आहे ते कळावे म्हणून. मग दगड एकेक उचलून खाऱ्या पाण्याच्या टबांत ठेवले. ते सुकता कामा नयेत. दगड निघाल्यावर मासे लपायला जागा उरत नाही, म्हणून ते शेवटी सहज हाती येतात. माशांची नजर त्या क्षणी पाहवत नाही. घराच्या भिंती गेल्या आहेत आणि आभाळातून एक जाळी खाली येते आहे, असे काहीसे त्यांना वाटत असावे.

उरली तळाची वाळू. मुलगा म्हणाला, "ही टाकून द्यायची, बाबा. नवी आणली आहे." मी म्हटले, "आठ वर्षांची वाळू आहे. तिच्यातच तर जीव आहे, तूच सांगतोस. आणि नवी पुढे कामाला येईल, ठेवून दे." माझे निम्मे बरोबर होते. वाळूत उपयोगी जिवाणू असतात खरेच. पण तिच्या खालच्या थरात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, वर्षानुवर्षांची घाण साचलेली असते. ती तशीच निजलेली असते तोवर उपद्रव करत नाही. ढवळली की उठते. सडक्या अंड्यासारखा वास आला तेव्हाच मला कळायला हवे होते. मुलाला कळले होते. पण वडील म्हणाले म्हणून तो गप्प राहिला आणि वरवर विसळून ती वाळू त्याने नव्या टाकीत घातली.

शनिवारी रात्री सारे सुंदर दिसत होते. रविवारी मिस्सेहून आल्यावर आम्ही फराळाची ताटे घेऊन टाकीसमोरच बसलो. सोमवारी पहाटे वीज गेली. इन्व्हर्टरवर पंप चालत राहिले, पण दुपारपर्यंत पोवळी मिटली. संध्याकाळी तपासणीच्या नळीत अमोनियाचा हिरवा रंग आला आणि तो गडद होत गेला. पाणी बदलायला तयार पाणी पुरेसे नव्हते. होते ते मी तीनशे लिटरच्या हिशेबात संपवले होते. रात्रभर यंत्रातून थेंब-थेंब पाणी गोळा करत बसलो. मंगळवारी सकाळी कोळंबी मेलेली होती. दुपारी दोन माशांपैकी मोठी, म्हणजे मादी, तळाशी आडवी झाली. बटणांसारखी दिसणारी पोवळी एका दगडावरून निम्मी गळून गेली. बाकीचे वाचले. जुनी वाळू आम्ही त्या रात्री उपसून काढली. जे शनिवारी करायला हवे होते ते मंगळवारी केले.

मुलगा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

नंतर त्याने मला समजावून सांगितले, ते मी इथे लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. मला वाटत होते की समुद्र म्हणजे पाणी. म्हणून जुने पाणी सांभाळून नेले की समुद्र नेला. तसे नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बऱ्याच अंशी सोसते. ही साखळी बसायला नव्या टाकीत चार-सहा आठवडे लागतात आणि तोवर तिच्यात मासे ठेवणे म्हणजे त्यांना विषात ठेवणे. पण हे जिवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. ते राहतात पृष्ठभागावर, दगडाच्या अंगावर, त्याच्या छिद्राछिद्रांत. टाकीतल्या पाण्यातले बरेचसे एका दिवसात बदलले तरी टाकी तीच राहते. दगड बदलले तर ती टाकी राहत नाही. म्हणून छंदी लोक त्यांना "जिवंत दगड" म्हणतात. दिसायला साधा, काळपट, शेवाळलेला दगड. त्याच्यावर कोणाची नजर ठरत नाही. सगळे मासे पाहतात. पण त्या दगडावर मासे जगतात.

"जिवंत दगड" हा शब्द ऐकून मी चमकलो. तुम्हीही चमकला असाल. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताला जिवंत दगड म्हटले आहे, आणि आपणही जिवंत दगडांसारखे होऊन आध्यात्मिक मंदिर म्हणून रचले जावे, असे सांगितले आहे. ते पत्र पांगलेल्या लोकांना, आपापले ठिकाण सोडून परक्या मुलखात राहणाऱ्यांना लिहिलेले आहे. आजवर मी त्या वचनाचा अर्थ मजबुतीच्या अंगाने घेत होतो: भक्कम, न हलणारे. आता वाटते, पेत्राच्या मनात काहीही असो, दगडाचे जिवंतपण त्याच्या कठीणपणात नसून त्याच्या अंगावर आणि त्याच्या फटींत जे बसते, जे कोणाला दिसत नाही, त्यात असेल. एकमेकांच्या आजारात केलेला डबा, मर्तिकाला आधी पोहोचणारा शेजारी, रोज संध्याकाळी रोझरीला एकाच पायरीवर बसणाऱ्या तीन म्हाताऱ्या. धर्मग्राम म्हणजे हे. इमारत मोठी करताना आपण आसनांची संख्या मोजतो. पायरीवरच्या तीन म्हाताऱ्यांना नकाशात खूण नसते.

माणसांच्या बाबतीत हे आमच्या तालुक्याने पाहिलेले आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाडमधली दोनशेहून अधिक माणसे एका फटक्यात नेली. त्यानंतर गाव नदीपासून दूर, नव्या जागी वसवण्यात आले. ते वसवायलाच हवे होते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मेलेल्यांच्या काठावर जिवंतांना पुन्हा कोण बसवील? तरीही मोवाडचे नाव निघाले की माणसे "जुने मोवाड" असा शब्द वापरतात, आणि त्या "जुने" शब्दावर आवाज थोडा खाली येतो. दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली बावन्न गावे पुरती नव्या जागी उभारली गेली. जुनी गावे दाटीवाटीची होती. अरुंद बोळ, जाड दगडी भिंती, एकमेकांना पाठ लावून उभे वाडे. दगडमातीच्या त्याच भिंतींनी माणसे मारली, म्हणून नवी गावे मोकळी केली. रुंद सरळ रस्ते, मोठे भूखंड, दूर-दूर घरे. म्हणजे मोठी टाकीच. आणि अभ्यास करणाऱ्यांनी पुढे नोंदवले की त्या मोकळेपणात शेजार हरवला. ओट्यावरून ओट्यावर जे बोलणे होई, ते रुंद रस्त्याच्या पलीकडे पोहोचेना. लोकांनी मग हळूहळू आपापल्या भिंती आणि पडव्या बांधून जागा पुन्हा आपल्या अंगालगत आणली.

मी इथे पुनर्वसन करणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांना घाई होती आणि त्या घाईत दया होती. मला फक्त एक गोष्ट खटकते आणि ती मी माझ्या वाळूच्या प्रकरणातून शिकलो आहे. हलवणाऱ्याच्या चुकीची किंमत हलवला जाणारा देतो. नकाशा काढणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो, रुंद रस्ता उन्हात दुसराच चालतो. मी काटकसर केली, मासा मेला. मी त्या रात्री जेवलो नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवलो.

बायबलमध्ये माणसांना लहान जागेतून मोठ्या जागेत हलवल्याची सर्वांत मोठी कथा निर्गमाची आहे. परमेश्वर मोशेला सांगतो तो देश चांगला आहे आणि ऐसपैस आहे. ऐसपैस हे तिथे मुद्दाम म्हटले आहे. आणि ज्यांना हलवले, ती माणसे वाटेत काय करतात? गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ती रडतात. मिसरमध्ये मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांची आठवण काढून रडतात. उपदेश करताना आम्ही त्या कांद्या-लसणावर फार हसलो आहोत, त्या लोकांना कृतघ्न म्हटले आहे. आता मला तसे हसवत नाही. गुलामगिरीच्या भांड्यातही त्यांचे काही जिवंत दगड असले पाहिजेत, आणि ते मागे राहिले होते. आकाशातून पडणारा मान्ना पौष्टिक होता, पण त्यांच्या जिभेला त्याची सवय नव्हती.

त्या कथेत मला आज मोशे अधिक दिसतो. त्याने माणसे हलवली आणि चाळीस वर्षे त्यांच्याबरोबर त्याच वाळूत चालला, त्यांची कुरकुर ऐकली, तोच मान्ना खाल्ला आणि शेवटी ऐसपैस देश डोंगरावरून पाहून मेला. आत गेला नाही. हलवणाऱ्याने किंमत दिली, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

मुंबईचे एक उदाहरण देऊन हा भाग पुरा करतो, कारण त्यात खरोखरची पोवळी आहेत आणि नागपूरही आहे. सागरी किनारा मार्गाच्या भरावात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळ्यांच्या काही वसाहती आढळल्या. सगळ्या मिळून जागा एक चौरस मीटरही नाही. कायदा मात्र आकार पाहत नाही. त्यांना हलवायचे तर राज्याच्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांची परवानगी लागते आणि त्यांचे कार्यालय नागपुरात आहे. म्हणजे अरबी समुद्रातल्या हातभर पोवळ्यांचे भवितव्य आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, समुद्राच्या वाऱ्यापासून शेकडो कोस दूर, एका टेबलावर ठरले. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली ती उचलून दुसऱ्या किनारी लावण्यात आली. २०२४ मध्ये त्या रस्त्यावरून गाड्या धावू लागल्या. पोवळी हलवणे हे वाचवणे आहे की वाट मोकळी करणे, यावर तेव्हा वाद झाला. मला वाटते ते दोन्ही होते, आणि वाद यासाठीच व्हायला हवा होता की दुसरे पहिल्याच्या आड लपू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या "लाउदातो सी" या परिपत्रकात प्रवाळांची तुलना जमिनीवरच्या महारण्यांशी केली आहे. अरण्य उचलून दुसरीकडे ठेवता येते, असे आपण म्हणत नाही. समुद्राच्या तळाविषयी मात्र सहज म्हणतो, कारण तो दिसत नाही.

असो. आमच्या घरी परत येतो.

नाताळापूर्वी मी पापनिवेदनाला गेलो तेव्हा इतर गोष्टींबरोबर हेही सांगितले. सांगताना लाज वाटली. गावात माणसे कर्जापायी जीव देतात आणि मी एका माशाचे पाप घेऊन आलो होतो. फादर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "मुलाचे ऐकले का नाहीत?" मी उत्तर दिले नाही. मला प्रायश्चित्त हवे होते माशाबद्दल, आणि त्यांनी बोट ठेवले दुसऱ्याच ठिकाणी. मला त्या वाळूविषयी काही माहीत नव्हते, मुलाला होते. तरीही शब्द माझा चालला, कारण घर माझे होते. नात्यात जो वरच्या पायरीवर उभा असतो त्याची माहिती कमी असली तरी त्याचा शब्द जड असतो. धर्मग्रामात, शाळेत, कचेरीत, सगळीकडे हेच. मोठी टाकी बांधायची की नाही, हा प्रश्न पुष्कळ वेळा दुय्यम असतो. वाळूविषयी ज्याला माहीत आहे तो गप्प का बसला, हा पहिला.

घरी येऊन मी मुलाला एवढेच म्हटले, "यापुढे टाकीत तुझे चालेल." तो म्हणाला, "ठीक आहे, बाबा. मग रोजचं गोडं पाणी तुम्ही घाला. मला कामावरून यायला उशीर होतो." तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. काचेवर एक बारीक रेघ मारली आहे, पाणी तिच्याखाली गेले की तेवढे भरायचे. हिवाळ्यात दीड-दोन लिटर पुरत होते. चैत्र लागल्यापासून चार-पाच लागतात. जुनी टाकी मागच्या पडवीत आहे. तिच्या काचेवर आठ वर्षांच्या मिठाची पांढरी ओळ राहिली आहे, ती घासूनही निघत नाही. मुलगा ती विकतो म्हणतो.

"आता तरी पुरते का त्यांना जागा?" असे सौभाग्यवतींनी परवा विचारले. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही, पण या दुसऱ्याचे मी पाहून ठेवले आहे. पोवळी उघडली आहेत. ज्या दगडावरून ती गळली होती, तिथे कडेने चार-पाच नवी बटणे आली आहेत. राहिलेला मासा नर आहे. या जातीत मादी गेली की नराचीच पुढे मादी होते आणि मग दुसरा लहान मासा सोबतीला चालतो, म्हणून मुलगा एक आणायचा म्हणतो. मी त्याला सांगितले, तुझे तू ठरव. पाचशे लिटरच्या त्या टाकीत हा मासा अजून डाव्या कोपऱ्यातल्या एकाच दगडाभोवती फिरतो. तो दगड जुन्या टाकीतही डाव्या कोपऱ्यातच होता. मी एकदा फूटपट्टी लावून पाहिले. जितक्या जागेत तो फिरतो, ती जुन्या टाकीहून वीतभरही जास्त नाही.